इंगल्बी स्टेशनचा खरा आकडा

सन्माननीय अध्यक्ष डॉ. लाउंड, रेल्वे कंपनीच्या विभागीय कचेरीतून एवढ्या थंडीत आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे मि. व्हिटल, व्यासपीठावरचे आदरणीय फादर इसिडोर, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे स्टेशनमास्तर श्री. मॅग्नस इस्बिस्टर, म्हणजे आपले मास्तर, त्यांच्या पत्नी आणि माझी मैत्रीण इफीबाई, सकाळपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या गृहिणी मंडळाच्या भगिनी, इंगल्बीचे समस्त नागरिक, आणि जेसपहून येऊन आता इंगल्बीचेच झालेले माझे बंधुभगिनी,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातून मी आजवर कधी दहा मिनिटांत सुटलेली नाही, तेव्हा आज थोडी परतफेड होऊ द्या. टर्की भट्टीत गरम राहते आहे. कोबीचे रोल तर मुरले की जास्तच चांगले लागतात.

मला मास्तरांविषयी बोलायला सांगितलं आहे. पण मास्तरांविषयी बोलायचं तर आधी या गावाविषयी बोलावं लागतं. इथल्या तरुण मंडळींना वाटतं, गाव म्हणजे नदीसारखं असतं, आपोआप झालेलं. तसं नाही, बाळांनो. हे गाव कोणीतरी मोठ्या शहरातल्या कचेरीत बसून, पट्टी ठेवून आखलं. दर आठ मैलांवर एक ठिपका. आठच का? तर शेतकऱ्याने घोडागाडीत गहू भरून निघावं, कोठारावर उतरवावा आणि उजेड आहे तोवर घरी पोचावं. बस, एवढाच हिशेब. आणि नावं? नावं इंग्रजी बाराखडीने. ए पासून जे पर्यंत दहा ठिपके, दहा नावं. आठवं हॅडो, नववं इंगल्बी, दहावं जेसप. इंगल्बी कोण होता? कोणाला ठाऊक नाही. मी स्वतः तीनदा पत्रं लिहून विचारलं. कंपनीने तीनदा पत्र मिळाल्याची पोच दिली.

माझ्या वडिलांना खरं तर हॅडोला उतरायचं होतं. एकोणीसशे नऊ साल, युरोपातल्या गॅलिशियातून कॅनडाला निघून सव्वा महिना झालेला, मी चार वर्षांची. हॅडो आलं तेव्हा आईला झोप लागलेली. वडील म्हणाले, "निजू दे बिचारीला, पुढचं गाव काय वाईट असणार?" म्हणून आम्ही इंगल्बीचे.

आईच्या पदरात, म्हणजे शालीच्या गाठीत, कंपनीने छापलेलं एक चित्र होतं. चित्रात रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, बँक, आणि चौकात कारंजं. आम्ही उतरलो तेव्हा इथे काय होतं? रुळांवरून खाली काढून ठेवलेला मालगाडीचा एक जुना डबा, त्यावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव. तेच स्टेशन. बाकी क्षितिजापर्यंत गवत. आईने चित्र काढून त्या वेळच्या मास्तरांपुढे धरलं आणि कारंज्यावर बोट ठेवलं. त्यांनी तितक्याच गंभीरपणे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकी गळत होती. आई तिथेच ट्रंकेवर बसली आणि रडली. मग उठली, तोंड त्या टाकीच्या पाण्याने धुतलं आणि विचारलं, "आता आमची जमीन कुठली?"

तर असं हे गाव. ज्याने नाव ठेवलं त्याने तोंड पाहिलेलं नाही, आणि जे आले त्यांना चित्र दाखवून आणलेलं. तरीही इथे शाळा झाली, दोन चर्च झाली, धान्याची चार उंच लाकडी कोठारं झाली आणि खरं स्टेशन झालं, वर राहायच्या खोल्या असलेलं. त्या खोल्यांत चौतीस सालच्या वसंतात एक नवं जोडपं उतरलं. स्कॉटलंडच्याही पलीकडच्या बेटांवरचं. नवरा उंच आणि अबोल, बायको बुटकी आणि त्याच्या वाटणीचं बोलणारी. इफीबाई, हसू नका, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. पाऊस नाही, पीक नाही, खिडकीच्या फटीतून आत येणारी धूळ. पूर्वेकडच्या लोकांनी आमच्यासाठी मदतीच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरून पाठवल्या. सफरचंदं आली, भाज्या आल्या, आणि एका वाघिणीत आली खारवलेल्या माशांची चवड. करडे, ताठ, फळीसारखे. या माळावर समुद्र कोणी पाहिलेला? कोणी म्हणालं चामडं आहे, कोणी म्हणालं छपराच्या फळ्या आहेत. माझ्या आईने एक तसाच उकळत्या पाण्यात टाकला. आम्ही नाही खाल्ला, म्हणून डुकराला घातला. डुकराने वास घेतला आणि आमच्याकडे असं पाहिलं की मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मास्तर फलाटावर एक पिंप घेऊन उभे. त्यात पाणी, पाण्यात मासे. येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य, "दोन दिवस भिजवा. पाणी चार वेळा बदला." वर इफीबाईच्या स्वयंपाकघरात बटाटे घालून केलेलं कालवण, आणि गावातल्या सगळ्या बायका जिन्यावर रांगेत, हातात वाट्या. त्या हिवाळ्यात आईने त्या माशांच्या करंज्या केल्या, आमच्या पद्धतीच्या, उकडून. मास्तरांनी नऊ खाल्ल्या. मी मोजल्या होत्या.

आता एक गोष्ट सांगते, ती मी कधी सभेत सांगितलेली नाही.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टमधली. तेव्हा युद्धाच्या तारा यायच्या, आणि तार यंत्रावर स्वतः मास्तरच उतरवून घेत. म्हणजे घरच्यांच्या आधी मास्तरांना कळायचं. त्या दुपारी मी आमच्या दुकानात होते. खिडकीतून मास्तर येताना दिसले. टोपी हातात, आणि चालताना ओठ हलताहेत, जसं पाठांतर करतो आहे माणूस. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत ते दाराशी थांबले. मग मला म्हणाले, "तेक्लाबाई, आई मागे आहेत ना?"

मी म्हटलं, "कागद माझ्याकडे द्या. तिला इंग्रजी कळत नाही. मी सांगेन."

ते म्हणाले, "नाही. तुम्ही नका सांगू. बहीण आहात."

आणि ते आत गेले, आईपुढे उभे राहिले आणि आमच्या भाषेत बोलले. चार वाक्यं. तुमचा मुलगा वासिल युद्धात गेला. त्याला त्रास झाला नाही असं कळवलं आहे. मला फार वाईट वाटतं. मी इथेच आहे. उच्चार असे की एरवी आम्ही हसून लोटपोट झालो असतो. रुळांच्या गँगचा मुकादम पेट्रो, देव त्याला शांती देवो, त्याच्याकडून शिकून, घोकत आले होते. आईला शब्दन्‌शब्द कळला. तिने त्यांचा हात धरला, आणि तासभर सोडला नाही. मास्तर उभेच. त्या तासात स्टेशनवर मालगाडी आली आणि ताटकळत राहिली, आणि पुढे कंपनीने त्याबद्दल खुलासा मागवला. मि. व्हिटल, खुलाशात त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. तुमच्या कचेरीत असेल.

अशा माणसाशी मी, तेक्ला ओस्टाशेक, एकोणसाठ सालच्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बोलत नव्हते. का? तेच सांगण्यासाठी मी आज अध्यक्षांकडून वेळ मागून घेतला.

तुम्हाला आठवत असेल, त्या शरदात कंपनीने अर्ज केला की हॅडोच्या पुढची लाईन बंद करायची. प्रवासी नाहीत, माल नाही. म्हणजे इंगल्बी आणि जेसप, दोन्ही गावं रुळांवाचून. मोटारी आल्या होत्या, खरं आहे, पण गहू मोटारीने हॅडोला न्यायचा तर कोठारं इथून उठणार, कोठारं उठली की दुकान उठणार, मग शाळा. चौकशी आयोग मार्चमध्ये इथे, याच सभागृहात बसणार होता. गावाने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं मला, कारण माझा आवाज मोठा आहे.

मी पहिल्याच दिवशी स्टेशनवर गेले. म्हटलं, "मास्तर, तीन वर्षांचा प्रवाशांचा तक्ता तुम्हीच पाठवणार ना?"

"होय."

"मग जरा मोकळ्या हाताने लिहा की."

ते म्हणाले, "तेक्लाबाई, गेल्या मंगळवारी इथून किती जण गाडीत चढले, ठाऊक आहे?"

"किती?"

"एक. तीही इफी. दाढ काढायला गेली."

"मग एकाचे नऊ करा! कोण तपासणार आहे?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "म्हणूनच करता येत नाही."

मंडळी, मला राग आला की काय होतं ते माझ्या दिवंगत नवऱ्याला विचारता आलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी म्हटलं, "तुम्हाला काय! गाव उठलं तर तुमची बदली होईल. आम्हाला कोण बदली देणार? पंचवीस वर्षं आमच्यात राहिलात, आमचं खाल्लंत. पण तुम्ही कंपनीचेच. आमचे कधी नव्हतातच." आणि निघून आले. खिडकीतून पाहिलं तर ते टेबलावर तसेच बसले होते, लेखणी हातात.

त्यानंतर इफीबाई दुकानात यायची तेव्हा मी चहाचा डबा न बोलता पुढे सरकवायची. तीही न बोलता घ्यायची. दोघीही गप्प! गावाला वाटलं दोघींना घशाची साथ लागली आहे.

समितीने मग दुसरा मार्ग काढला. आकडा खोटा लिहीत नाही ना, मग खरा करू. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळच्या गाडीने जेसपला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पाळ्या लावल्या. आठवतं का, मंडळी? ऐंशी वर्षांच्या आजीबाईंपासून सगळे. विणकाम घेऊन, पत्ते घेऊन. थिसेन तर एकदा कोंबडी घेऊन आला, म्हणाला हिलाही तिकीट द्या, आकडा वाढेल. मास्तर प्रत्येकाला सारख्याच गंभीरपणे विचारायचे, "जेसप? परतीचं?" आणि शिक्का मारायचे. कोंबडीला दिलं नाही.

जेसपच्या फलाटावर तिथल्या बायका आम्हाला हसायच्या. "एवढी कशाला दगदग करता गं? आमचे स्टेशनमास्तर बघा, घरबसल्या कागदावरच गाडी भरतात!" त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज सांगायचं आहे. त्या माणसाने ते गावाच्या मायेपोटीच केलं. मी तर परत येऊन मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात फलाटावर म्हटलं, "जेसपवाल्यांचं नशीब, त्यांना माणूस मिळाला."

मार्च आला. हे सभागृह खच्चून भरलं होतं, लोक खिडकीत बसले होते. रेजायनाहून कंपनीचे वकील आले, सोनेरी चष्मा, आवाज लोण्यासारखा. त्यांनी जेसपचा तक्ता उघडला. "एकोणीस जानेवारी. जेसपहून चौदा प्रवासी चढले." मग गाडीच्या गार्डची रोजनिशी उघडली. "एकोणीस जानेवारी. गाडी हॅडोजवळ बर्फात अडकली. पुढे गेलीच नाही." आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हे चौदा जण कशात चढले?"

सभागृह हसलं. मीही हसले. मग माझी नजर दुसऱ्या रांगेत गेली. जेसपच्या बायका बसल्या होत्या, हात मांडीवर, माना खाली. आमचा तक्ता पुढचा होता. आणि त्यात असे चौदा चढवलेले नव्हते म्हणून, फक्त म्हणूनच, मी तिथे मान वर करून बसू शकत होते.

वकिलांनी आमचा तक्ता गार्डच्या रोजनिशीशी ताडून पाहिला. तीन वर्षं, ओळीन्‌ओळ. एकाचाही फरक नाही. त्यांनी मास्तरांना उभं केलं. "तुमच्याच आकड्यांवरून दिसतं की अर्जानंतरचे हे चार महिने सोडले तर या गाडीला प्रवासी नाहीत. मान्य?"

मास्तर म्हणाले, "मान्य."

माझ्यामागून कोणीतरी शिवी दिली. नाव सांगत नाही, तो आज टर्की कापणार आहे.

वकील बसले. तेव्हा आयोगाच्या अध्यक्षांनी सहज विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?" आणि आपल्या मास्तरांनी, कंपनीच्या गणवेशात, कंपनीच्या वकिलांसमोर, काखेतली एक वही काढली. म्हणाले, "साहेब, अर्जात लिहिलं आहे की इथे माल नाही. ही वाघिणींच्या मागणीची वही. मागच्या हंगामात शेतकऱ्यांनी माझ्याकडे एकशे अकरा वाघिणी मागितल्या. आल्या अडतीस."

"बाकीच्या का आल्या नाहीत?"

"ते कंपनीला विचारावं. मी प्रत्येक वेळी तार केली होती. तारांच्या नकला वहीत आहेत."

वकील ताडकन उठले. "तुम्ही कंपनीचे नोकर आहात, इस्बिस्टर!"

"होय," मास्तर म्हणाले, "म्हणूनच वही नीट ठेवली."

मि. व्हिटल, आपण तेव्हा या विभागात नव्हता, ही चौकशी मी आधीच करून ठेवली आहे. आपण निर्धास्त जेवा.

पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आयोगाने निकालात लिहिलं की इंगल्बीच्या नोंदी विश्वासार्ह आहेत, म्हणून वाघिणींची वहीही विश्वासार्ह धरली आहे. प्रवासी गाडी गेली. पण धान्याची लाईन इंगल्बीपर्यंत राहिली, आज सकाळीही तुम्ही इंजिनाची शिट्टी ऐकलीत. जेसपचे आठ मैल रूळ मात्र उखडले गेले. तिथे आता चार घरं आहेत. तिथलेही शेतकरी वाघिणी मागत होतेच, आणि त्या त्यांनाही मिळत नव्हत्या. पण त्यांचं कोणी खरं धरलं नाही. मी एकोणसाठ साली जे मागितलं होतं ते मास्तरांनी दिलं असतं, तर आज हा समारंभ कुठे झाला असता? कोणी केला असता?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर गेले. बोरांच्या मुरंब्याची बरणी नेली. माफी नेली नाही. म्हटलं, "मास्तर, मुरंबा." ते म्हणाले, "बसा, तेक्लाबाई. इफी, चहा." मी चहा प्यायले, हवेविषयी बोलले आणि घरी आले. झालं, मिटलं, असं मी धरून चालले. तीन वर्षं.

गेल्या महिन्यात मी इफीबाईला सामान बांधायला मदत करत होते. कपबशा कागदात गुंडाळत होतो. ती सहज म्हणाली, व्हिक्टोरियाला मुलीच्या घरी नळ आहे, न्हाणीघर आहे, आता पाणी उपसायला नको. आणि मग म्हणाली, "तसं साठ सालीच मिळणार होतं म्हणा."

मी विचारलं, "म्हणजे?"

मास्तरांना विभागीय ठाण्यावर मोठी जागा ठरली होती. तोंडी कळवलंही होतं. बंगली, नळ, सगळं. आयोगापुढे वही उघडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं की ती जागा दुसऱ्याला दिली आहे. आणि ते होणार हे त्यांना वही उघडायच्या आधी माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनी इफीबाईला विचारलं होतं, "आणखी काही वर्षं पंप मारशील का?" ती म्हणाली होती, "हाताला सवय आहे."

मी कपबशी खाली ठेवली. म्हटलं, "अगं, मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू नुकती कुठे बोलायला लागली होतीस, तेक्ला. म्हटलं कशाला पुन्हा बिघडवा."

मंडळी, माझ्या दहा मिनिटांची केव्हाच वीस झाली आहेत, हे अध्यक्ष घड्याळ न पाहण्याचा जो प्रयत्न करताहेत त्यावरून दिसतं. कंपनीने मास्तरांना घड्याळ दिलं आहे, गृहिणी मंडळ गोधडी देणार आहे. गुरुवारी ते दोघे बसने जातील, कारण त्यांना न्यायला आता इथून गाडी नाही, आणि स्टेशनला कुलूप लागेल. त्यांच्या जागी कोणी येणार नाही. हे बदलणं माझ्या हातात नाही. एकच गोष्ट माझ्या हातात आहे, ती चार वर्षं करायची राहिली.

समारंभ घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ उपाशी बसून ऐकणाऱ्या तुमचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला लागलं असेल, तर गावची बाई म्हणून सांभाळून घ्या. ही माफी सगळ्यांकडे.

दुसरी एका माणसाकडे. मास्तर, मी तुमच्या खोलीत उभी राहून, दार उघडं ठेवून, फलाटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं की तुम्ही आमचे नव्हतातच. म्हणून ते तुमच्या चहाच्या टेबलाशी हळूच मागे घेणं पुरेसं नाही. ते मी इथे, सगळ्या गावासमोर, जेसपसमोर आणि तुमच्या कंपनीसमोर मागे घेते. मी चुकले. मला क्षमा करा.

नाही, मास्तर, उठू नका. तुमचा गुडघा दुखतो, मला माहीत आहे. अध्यक्ष महाराज, हा ध्वनिक्षेपक बंद करायला सांगा. मी खाली येते आहे. आणखी दोन शब्द आहेत, पण ते त्यांचे आणि इफीबाईचे आहेत.